टाक्याच्या गाळात सापडलेल्या धातूच्या जुन्या वस्तू : ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

माचीकर

नमस्कार.

आमचा वीस-बावीस जणांचा गट गेली सहा वर्षे सह्याद्रीतील एका डोंगरी किल्ल्यावर संवर्धनाचे काम करतो. किल्ल्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गुप्तधनाच्या आशेने रात्री कुदळी घेऊन वर आलेल्या माणसांनी खणलेले खड्डे आम्ही दोनदा बुजवले आहेत, आणि माझ्या लिखाणामुळे तिसरा खड्डा पडावा अशी माझी इच्छा नाही. या वर्षी पावसाळ्यापूर्वी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घेऊन बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेल्या एका टाक्यातील गाळ उपसण्याचे काम आम्ही हाती घेतले. उपसलेला गाळ आम्ही कड्यालगत टाकत होतो. वरचा गाळ म्हणजे निव्वळ माती आणि पालापाचोळा होता. तळाशी हातभर गाळ उरल्यावर मात्र घमेल्यांत एकेक धातूची वस्तू दिसू लागली.

पहिली वस्तू म्हणजे सात लहान गोळ्या. त्या वाटाण्याहून मोठ्या, काही बोराएवढ्या, रंगाने पांढरट करड्या आणि आकाराच्या मानाने फार जड आहेत. त्यांपैकी एक पूर्ण चपटी झाली आहे. दुसरी वस्तू एक लोखंडी गोळा. दोरीने मोजता त्याचा घेर ३५ सेंटिमीटर भरला आणि साध्या काट्यावर वजन ३.८ किलो भरले. त्याच्या एका बाजूस सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची गोल खळगी असून ती गंजाने गच्च भरलेली आहे. तिसरी वस्तू जाडसर, वेड्यावाकड्या काठाची हिरवी चकती, व्यास २० मिलिमीटर. चौथी वस्तू २१ सेंटिमीटर लांबीचे लोखंडी पाते, ज्याच्या एका टोकाला दांडा बसवण्यासाठी पत्रा वळवून नळी केलेली आहे. तो भाल्याचा फाळ असावा असे आम्हाला वाटते. पाचवी वस्तू अर्ध्या नारळासारखा, एका बाजूने फुगीर व दुसऱ्या बाजूने सपाट असा काळा जड ढेकूळ असून त्यावर बुडबुडे फुटल्यासारखी छिद्रे आहेत. आमच्यातील एकाचे म्हणणे आहे की ती उल्का असावी.

सगळ्या वस्तू आठ दिवसांपासून पायथ्याच्या गावातील देवळाच्या ओवरीत ठेवल्या आहेत. मुलांना त्यांचे फार कौतुक आहे. काल मुले लोखंडी गोळा पायरीवरून गडगडत सोडून खेळत होती. एका उत्साही सहकाऱ्याने चकतीची एक बाजू लिंबू आणि मिठाने घासून लख्ख केली, तेव्हा तिच्यावर अक्षरांसारख्या रेषा दिसल्या, म्हणून उरलेल्या वस्तूही घासून घ्याव्यात असा विचार चालू आहे. या वस्तू नेमक्या काय आहेत, त्या किती जुन्या असतील, त्या स्वच्छ कशा कराव्यात आणि पुढे कोणाकडे द्याव्यात, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

तोफखाना

माचीकर, आपल्या पाच वस्तूंपैकी चार वस्तूंविषयी मी आत्ता काहीही लिहीत नाही, कारण लोखंडी गोळ्याविषयी आधी सांगणे आवश्यक आहे. कृपया हे वाचताक्षणी मुलांना त्या ओवरीपासून दूर करावे, आणि गोळ्याला कोणीही हात लावू नये, तो हलवू नये, घासू नये, खळगीतील गंज टोकरू नये.

कारण असे आहे. घेर ३५ सेंटिमीटर म्हणजे व्यास साधारण ११.१ सेंटिमीटर. त्या व्यासाचा भरीव गोळा असेल तर त्याचे आकारमान सुमारे ७२४ घन सेंटिमीटर होते, आणि ओतीव लोखंडाचे एक घन सेंटिमीटर साधारण ७.२ ग्रॅम भरते हे लक्षात घेता त्याचे वजन ५.२ किलोच्या आसपास असायला हवे. आपला गोळा ३.८ किलो भरला, म्हणजे जवळजवळ १.४ किलो लोखंड कमी आहे. गंजामुळे वजन घटते हे खरे आहे, परंतु गोळ्याचा आकार शाबूत असताना एक चतुर्थांशाहून अधिक घट केवळ गंजाने होणे संभवत नाही. त्यात गोल खळगीही आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर हा भरीव तोफगोळा नसून पोकळ गोळा, म्हणजे जुन्या कागदपत्रांत ज्याला कुलपी गोळा म्हणतात तो असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या पोटात स्फोटक दारू भरत आणि तोंडाच्या भोकात जळत जाणारी वात असलेली लाकडी नळी ठोकून बसवत. उखळी तोफेतून तो उंच उडवला की तटावरून आत पडत असे आणि वात जळून संपली की फुटत असे. आपण जिला खळगी म्हणता ती त्या नळीची जागा असावी. न फुटलेला गोळा म्हणजे वात विझलेला गोळा, आणि त्याच्या आतील दारू अजून तशीच असू शकते.

गोळा इतकी वर्षे पाण्यात होता, म्हणजे दारू भिजून निकामी झाली असेल, असा तर्क कोणी करील. तो तर्क धोकादायक आहे. गंजाने तोंड घट्ट बंद झालेले असेल तर आत पाणी शिरलेलेच नसेल, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शेकडो वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. २००८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जुने तोफगोळे स्वच्छ करणाऱ्या एका अनुभवी संग्राहकाचा अशाच गोळ्याच्या स्फोटात मृत्यू झाला. तो गोळा तेथील यादवी युद्धातील, म्हणजे सुमारे १४० वर्षे जुना होता. धातू घासताना निर्माण होणारी उष्णता किंवा एखादी ठिणगी एवढे कारण पुरते.

म्हणून आत्ता पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला कळवावे आणि बॉम्बशोधक व नाशक पथक मागवण्याची विनंती करावी. त्याच वेळी पुरातत्त्व विभागाच्या अधिकाऱ्यांनाही फोन करावा, कारण पथकाच्या दृष्टीने ती स्फोटक वस्तू असली तरी आपल्या दृष्टीने ती त्या गडाच्या इतिहासातील पुरावा आहे, आणि दोन्ही विभागांची माणसे एकाच वेळी जागेवर असली तर ती नष्ट न करता निकामी करण्याचा विचार तरी होऊ शकतो. पथक येईपर्यंत ओवरीकडे जाणारी वाट दोरी बांधून बंद करावी.

बाकीच्या वस्तू कुठेही पळून जात नाहीत. आधी हे करावे.

माचीकर

आपला प्रतिसाद काल रात्री वाचला आणि हातपाय गार पडले. त्याच वेळी गावात फोन करून ओवरी मोकळी करवली. आज सकाळी पोलीस आले, दुपारी पथक आले, आणि विभागाचे एक अधिकारीही उपस्थित राहिले. पथकाने गोळा पोकळ असल्याचे सांगितले. तो त्यांनी वाळूने भरलेल्या पेटीत ठेवून नेला आहे आणि पुढील कार्यवाही विभागाशी बोलून करू असे म्हणाले. ज्या मुलांनी तो गडगडवला त्यांत माझी पुतणी होती. याहून अधिक काही लिहवत नाही. मनापासून आभार.

आता बाकीच्या वस्तूंविषयी. घासण्याचा विचार आम्ही थांबवला आहे. सात गोळ्यांची वजने बारीक काट्यावर घेतली ती अशी : ९, ११, १२, १४, २७, ३१ आणि ३२ ग्रॅम. चपटी झालेली गोळी २७ ग्रॅमची आहे. चकतीचे वजन ११.२ ग्रॅम भरले. चुंबक चकतीला व गोळ्यांना चिकटत नाही, पात्याला जोरात चिकटतो आणि ढेकळाला एखाद्याच ठिकाणी, तोही हलकाच, ओढ घेतो. चकतीच्या घासलेल्या बाजूवर तीन ओळी असाव्यात असे वाटते. मधल्या ओळीत ‘राजा’ वाचता येते. न घासलेल्या बाजूवर तिरप्या उजेडात ‘छत्र’ असे दिसते. मात्र घासलेल्या बाजूवर चार दिवसांतच फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके उमटू लागले आहेत.

टाकसाळी

नाण्याविषयी लिहितो. ‘छत्र’ आणि ‘राजा’ ही दोन अक्षरसमूहे, तांब्याचा रंग, ११.२ ग्रॅम वजन आणि वेडावाकडा काठ हे सगळे शिवराईकडे, म्हणजे शिवछत्रपतींनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याकडे, बोट दाखवते. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ असा मजकूर असतो. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर मजकुराचा काही भाग काठाबाहेर जातो, त्यामुळे आपल्याला अक्षरे अर्धवट दिसत असतील तर त्यात नवल नाही आणि तो नाण्याचा दोषही नाही.

इथे एका गोष्टीबद्दल सावध करतो, कारण आनंदाच्या भरात ही चूक फार जण करतात. शिवराई सापडली म्हणजे ती शिवछत्रपतींच्या काळातलीच, असे होत नाही. हे नाणे त्यांच्या नंतरही छत्रपतींच्या नावाने पाडले जात राहिले, पेशवाईत ते सर्वत्र चालत होते, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षे बाजारात त्याचा व्यवहार होत होता. न घासलेल्या बाजूवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या समांतर रेषा दिसतात का, हे भिंगातून पाहावे. तशा रेषा असतील तर ती दुदांडी शिवराई, आणि ती नंतरच्या काळाची. रेषा नसतील आणि अक्षरांची ठेवण सुबक असेल तर आधीच्या काळाचा विचार करता येईल. आपल्या नाण्याचे वजन त्या विचाराच्या आड येत नाही, कारण उत्तरकालीन नाणी बहुधा याहून हलकी असतात. अक्षरांच्या लेखनातही पुष्कळ प्रकार आहेत, ‘शिव’ ऐवजी ‘सिव’ किंवा ‘सीव’ आढळते, म्हणून जे दिसते ते तसेच्या तसे कागदावर उतरवून घ्यावे आणि आपल्या अपेक्षेप्रमाणे सुधारून लिहू नये.

आता त्या फिकट हिरव्या ठिपक्यांविषयी. तांब्यावर चढलेला गडद, घट्ट हिरवा थर, ज्याला आपण जंगाल म्हणतो, तो त्या नाण्याचे संरक्षण करत होता. आपल्या सहकाऱ्याने लिंबाने तो थर विरघळवला आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर मीठ चोळले. मिठातील क्लोराइड तांब्यात शिरले की हवेतील ओलाव्याच्या साहाय्याने ते धातू आतून पोखरत राहते. एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया संपत नाही, कारण क्लोराइड पुन्हा मोकळे होऊन पुढच्या तांब्याला लागते. पुसले तर पीठ निघते आणि काही दिवसांत परत येते. बरणीतली एक सडकी फोड बाकीच्या फोडी नासवते तसा हा प्रकार आहे. यावर खरा उपचार संवर्धन प्रयोगशाळेतच होतो, परंतु तोपर्यंत ओलावा तोडणे आपल्या हातात आहे. नाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, भरपूर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, दुसऱ्या कोणत्याही तांब्याच्या वस्तूपासून वेगळे ठेवावे. तेल, मेण, नखांचा रंग, चिंच, राखुंडी यांतील काहीही लावू नये. सहकाऱ्यावर रागावू नये ही विनंती. घरातील देवाची भांडी आपण अशीच उजळतो, आणि जुन्या नाण्याला तेच घातक ठरते हे कोणी त्याला सांगितले नव्हते.

लोहशाळा

मला लोखंडाच्या दोन वस्तूंविषयी आणि त्याहून अधिक आपण कड्यालगत टाकलेल्या गाळाविषयी लिहायचे आहे.

आधी ढेकूळ. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने सपाट, बुडबुड्यांची छिद्रे आणि चुंबकाची अधूनमधून लागणारी ओढ, ही लक्षणे उल्केची नाहीत. उल्केत सहसा असे बुडबुडे नसतात, आणि लोखंडी उल्का असती तर चुंबक सगळीकडून घट्ट चिकटला असता. हे लोहकीट आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापवताना गंजाचे पापुद्रे, माती आणि राख वितळून तळाशी साठतात आणि भट्टीच्या खोलगट बुडाचा आकार घेऊन थिजतात. म्हणून खालची बाजू फुगीर आणि वरची सपाट राहते. आपल्याला कदाचित याचे मोल कमी वाटेल, पण माझ्या मते तोफगोळ्याखालोखाल हीच या पाचांतील सर्वांत बोलकी वस्तू आहे. तोफगोळा बाहेरून आला, नाणे कुठूनही येऊ शकते, परंतु असले जड कीट कोणी डोंगर चढवून वर नेत नाही. म्हणजे टाक्याच्या आसपास किंवा त्याच्या वरच्या अंगाला कधीतरी लोहाराची भट्टी पेटत होती.

पात्याविषयी माझे मत आपल्याहून वेगळे आहे. भाल्याचा फाळ दोन्ही अंगांनी सारखा असतो, मध्यभागी कणा असतो आणि तेथून दोन्ही धारांकडे तो पातळ होत जातो. त्याची नळी बारीक असते, कारण भाल्याचा दांडा पंजात सहज मावणारा असतो, आणि नळीत खिळ्यासाठी बहुधा छिद्र असते. आपल्या पात्याच्या नळीची रुंदी कळवावी. ती चार सेंटिमीटर किंवा अधिक असेल आणि पात्याची एकच बाजू किंवा एकच कोपरा झिजलेला असेल, तर ते माती खणण्याचे अवजार आहे. अनेक गडांवर १८१८ नंतर फौजा उतरल्या तरी काही कुटुंबे वरच राहिली आणि माचीवर शेती करत राहिली. त्यांची अवजारे झिजली, मोडली, हरवली, आणि आज त्यांतली निम्मी आपण शस्त्रे म्हणून ओळखतो. त्या अवजाराला शस्त्र म्हटल्याने त्याचा मान वाढत नाही. गडावर नांगर धरणारा माणूसही त्या गडाचाच होता.

खिळे सापडले असतील तर तेही टाकू नयेत. घणाने घडवलेला खिळा चौकोनी छेदाचा असतो आणि त्याच्या माथ्यावर हातोड्याचे ठोके दिसतात. तारेपासून यंत्राने केलेला गोल छेदाचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्वत्र पसरला, तेव्हा गाळाच्या ज्या थरात असा एक जरी खिळा मिळाला, तो थर त्याहून जुना असू शकत नाही.

आता गाळ. गडावर वस्ती होती तोवर पिण्याच्या पाण्याची टाकी वेळोवेळी उपसली जात, कारण त्यावर सगळ्यांचा जीव अवलंबून होता. त्यामुळे टाक्यात आज जो गाळ आहे तो मुख्यतः शेवटच्या उपशानंतर, बहुधा गड ओस पडू लागल्यानंतर साठलेला असतो, आणि त्यातील वस्तू तिथे पडलेल्याच असतील असे नाही. पावसाच्या पाण्याबरोबर वरच्या उतारावरून त्या घरंगळत आलेल्या असू शकतात. म्हणून टाक्याला कोणत्या बाजूने पाणी येते, आणि त्या बाजूला वर काय आहे, हे नकाशावर दाखवणे फार महत्त्वाचे आहे. पुढच्या वेळी गाळ एक-एक वीत खोलीच्या टप्प्यांनी काढावा, प्रत्येक टप्प्याचा ढीग वेगळा ठेवावा आणि विभागाच्या संमतीने चाळणीतून चाळावा. जो गाळ निघून गेला त्याचे टप्पे आता परत मिळणार नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते. पण ढीग अजून कड्यालगतच असेल तर तो पावसात वाहून जाण्याआधी चाळून घेता येईल. त्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून मातीवरून फिरवावा. तापलेल्या लोखंडावर घण पडतो तेव्हा उडणारे कागदासारखे पातळ, काळे पापुद्रे चुंबकाला चिकटतील, आणि पिशवी उलटी केली की ते सुटे होतील. ते मिळाले तर भट्टी जवळच होती हे जवळजवळ निश्चित धरता येईल.

पाते ओल्या गाळातून निघून आठ दिवस उघड्यावर वाळले आहे, तेव्हा आता ते पुन्हा भिजवू नये. सिलिका जेलसह वेगळ्या डब्यात ठेवावे. पृष्ठभागावर पिवळट तपकिरी द्रवाचे थेंब दिसू लागले तर आतील क्लोराइड बाहेर येत आहे असे समजून लगेच विभागाला कळवावे. जलदुर्गांवरच्या लोखंडात हा त्रास फार असतो. डोंगरी किल्ल्यावर तो तुलनेने कमी असावा.

दफ्तरी

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर तिची लेखी माहिती शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने सापडवणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. किल्ला राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तूविषयक अधिनियम लागू होतो आणि केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा केंद्रीय अधिनियम. शंभर वर्षांहून जुने नाणे, शस्त्र किंवा धातूची कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. आपल्याकडे गाळ काढण्याची परवानगी आहे, पण वस्तू ठेवून घेण्याची किंवा परस्पर मांडण्याची परवानगी तिच्यात आपोआप येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे, वजन, सापडल्याची खोली आणि टाक्यातील जागा लिहावी, रीतसर पंचनामा करवून घ्यावा आणि वस्तू सुपूर्द करताना क्रमांकवार पोच घ्यावी. गावातच वस्तू पाहायला मिळाव्यात अशी आपली इच्छा असेल तर तसा अर्ज त्याच वेळी जोडावा. पोच हातात असली की त्या अर्जाचा पाठपुरावा करणे सोपे जाते. छायाचित्रांत मोबाईलने टिपलेले स्थान नोंदले जाते, ते सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी काढून टाकावे. किल्ल्याचे नाव न लिहिण्यात आपण जी काळजी घेतली ती त्यामुळे वाया जाणार नाही.

तोफखाना

मुले सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. आता गोळ्यांविषयी निवांतपणे लिहितो.

त्या शिशाच्या आहेत. शिसे जमिनीत पडून राहिले की त्यावर पांढरट करडा थर चढतो, चुंबक त्याला ओढत नाही आणि ते लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड असते. तो पांढरा थर विषारी आहे, म्हणून गोळ्या हाताळल्यावर हात धुवावेत आणि त्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. तो थर घासून काढूही नये, कारण गोळीवरच्या बारीक खुणा त्याच थरावर टिकून असतात.

आपण वजने घेतली हे उत्तम केले. चपट्या गोळीचा मूळ व्यास मोजपट्टीने काढता येत नाही, पण वजनावरून काढता येतो. ग्रॅममधील वजनाचे घनमूळ काढून त्याला ५.६ ने गुणले की मिलिमीटरमधील व्यास ढोबळपणे मिळतो. २७ चे घनमूळ ३, म्हणजे आपल्या चपट्या गोळीचा मूळ व्यास १६.८ मिलिमीटर. आदळताना तिचे थोडे शिसे उडालेले असेल तर ती मुळात किंचित मोठी असणार. ३१ आणि ३२ ग्रॅमच्या गोळ्यांचा व्यास १७.५ ते १८ मिलिमीटरच्या दरम्यान येतो, आणि तो इंग्रज फौजेच्या पाऊण इंची नळीच्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या, बंदुकीशी चांगला जुळतो. त्या बंदुकीच्या गोळ्या एका पौंड शिशात साधारण चौदा बसत. मात्र इथेही घाई नको. ती बंदूक किंवा तिच्यासारखी बंदूक कंपनीच्या शिपायांकडे होती तशी मराठ्यांच्या कवायती फौजांकडेही होती, त्यामुळे गोळीवरून बंदूक सांगता येते, ती धरणारा हात सांगता येत नाही. ९ ते १४ ग्रॅमच्या गोळ्या ११.६ ते १३.५ मिलिमीटरच्या भरतात. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडणाऱ्या, बंदुका कारागीर एकेक करून घडवत आणि प्रत्येकीची नळी वेगळी, म्हणून गोळ्यांचा साचाही वेगळा; चार गोळ्यांची चार वेगवेगळी वजने त्या चित्रात बसतात. पिस्तुलाच्या किंवा नंतरच्या शिकाऱ्यांच्या गोळ्याही या मापाच्या असू शकतात, ही शक्यता नोंदीत लिहून ठेवावी.

चपटी गोळी उडालेली आणि खडकावर किंवा तटावर आदळलेली आहे. बाकीच्या सहा जर अगदी गोल असतील आणि त्यांवर साच्याच्या दोन अर्धांची जोडरेषा स्पष्ट असेल, तर त्या बहुधा उडालेल्याच नाहीत. कोणाच्या तरी पिशवीतून सांडलेल्या आहेत.

कुलपी गोळ्याच्या काळाविषयी आपण विचारले होते. सुमारे साडेचार इंची हलक्या उखळी तोफा इंग्रज फौजेसोबत असत आणि डोंगरावर चढवायला त्या सोयीच्या होत्या. १८१८ च्या मे महिन्यात रायगड पडला तो अशाच उखळी माऱ्याने, आणि त्या आगीत गडावरील इमारती जळाल्या. त्या एका वर्षात सह्याद्रीतील किती तरी गडांवर मारा झाला. १८४४ मध्ये कोल्हापूर भागात गडकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा सामानगड आणि पन्हाळ्यावर पुन्हा तोफा लागल्या. आपला गड यांपैकी कोणत्या प्रसंगी वेढला गेला होता हे आपल्याला माहीत असणारच. नाव लिहू नये, फक्त नोंदीत तो प्रसंग आणि गोळा सापडल्याची जागा शेजारीशेजारी लिहावी.

माचीकर

सर्वांचे आभार. काल विभागाचे अधिकारी पुन्हा आले, त्यांच्या देखत पंचनामा झाला आणि वस्तूंची क्रमांकवार पोच मिळाली. पात्याच्या नळीची रुंदी ४.३ सेंटिमीटर निघाली आणि टोकाचा डावा कोपरा स्पष्ट झिजलेला आहे, म्हणजे लोहशाळा यांचे म्हणणे खरे ठरले. नाण्याच्या न घासलेल्या बाजूवर भिंगातूनही आडव्या रेषा दिसल्या नाहीत, पण तेथील माती अजून निघालेली नाही, म्हणून नोंदीत फक्त ‘शिवराई, प्रकार अनिश्चित’ असे लिहिले आहे.

अधिकाऱ्यांच्या परवानगीने आम्ही कड्यालगतचा ढीग दोन दिवस चाळला. वाहून गेलेला भाग मोठा होता, तरी तळाच्या गाळातून आणखी दोन शिशाच्या गोळ्या मिळाल्या. त्यांपैकी एकीला आखूड शेपटीसारखे टोक आहे. चुंबकाला मूठभर काळे पापुद्रे चिकटले. टाक्यात पाणी येण्याची वाट पूर्वेकडच्या उतारावरून आहे आणि त्या उतारावर, साठ-सत्तर पावलांवर, आम्ही आजवर ज्याला पहारेकऱ्यांची खोली म्हणत होतो तो एक चौथरा आहे.

तोफखाना

शेपटीची गोळी जपावी. शिसे साच्यात ओतले की ओतण्याच्या तोंडाशी तसे टोक राहते आणि गोळी वापरण्यापूर्वी ते कापून टाकतात. तसे टोक असलेली गोळी सहसा उडवत नाहीत. ती ओतून झाल्यावर, कापण्यापूर्वी हातातून निसटलेली आहे. म्हणजे त्या चौथऱ्यावर किंवा त्याच्या आसपास लोखंड तापत होते तसे शिसेही वितळत होते, अशी शक्यता उभी राहते. चौथऱ्यावर आपण स्वतः काहीही खणू नये. मात्र पावसाळा सुरू होण्यापूर्वी त्याची मापे, दिशा आणि पृष्ठभागावर उघड्या दिसणाऱ्या राखेच्या किंवा भाजलेल्या मातीच्या जागा कागदावर उतरवून, पंचनाम्यातील गोळीच्या क्रमांकासह विभागाकडे पाठवाव्यात, म्हणजे तेथे रीतसर उत्खनन व्हावे अशी मागणी करायला आपल्याकडे ठोस कारण असेल.